आठवणारच नसेल तर?



२०१८ सालच्या उन्हाळ्यात मी दोन महिने अमेरिकेत होतो, हे आपल्यापैकी काहींना माहीत आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला सोनोमा परगण्यात सांता रोसा नावाचे शहर आहे. त्या परिसरातील एका धर्मग्रामाचे फादर रजेवर गेले होते. त्यांच्या जागी मिस्सा, पापनिवेदन, आजाऱ्यांच्या भेटी ही कामे मी पाहत होतो. तेथे एका कुटुंबाशी माझा परिचय झाला. त्या घरात एक वाद चालू होता. त्या वादात मी पडलो, आणि सुरुवातीला चुकीच्या बाजूने पडलो. आज त्याविषयी लिहावेसे वाटते, कारण गेल्या काही महिन्यांत तोच प्रश्न मला आपल्याच आळ्यांमध्ये, आपल्याच माणसांच्या तोंडून ऐकू आला आहे.

कुटुंब म्हणजे एक वृद्ध पती-पत्नी आणि त्यांची लग्न झालेली मुलगी. मी त्या दोघांना मनातल्या मनात काका-काकू म्हणत असे, येथेही तसेच म्हणतो. काकांनी तीस वर्षे एका वाईनरीच्या तळघरात काम केले होते. पिंपे धुणे, भरणे, वाईन एका पिंपातून दुसऱ्यात काढणे, असे ते काम. काकू शाळेत क्लार्क होत्या. आता काकांना स्मृतिभ्रंश झाला होता. सकाळी काय खाल्ले ते दुपारी सांगता येत नसे. मुलीचे नाव कधी आठवे, कधी नाही.

त्यांच्याकडे एक आर.व्ही. होती. आर.व्ही. म्हणजे चाकांवरचे घर. आपल्याकडच्या मिनी बसएवढी गाडी, आत पलंग, गॅसची शेगडी, फ्रिज, बेसिन, संडास, आणि चालकाच्या डोक्यावर माळ्यासारखी एक झोपायची जागा. ही गाडी त्यांनी हौसेने घेतलेली नव्हती. ८ ऑक्टोबर २०१७ च्या रात्री त्या भागात मोठा वणवा पेटला. त्याला तिकडे टब्स फायर म्हणतात. त्यात २२ माणसे दगावली आणि पाच हजारांहून अधिक इमारती जळाल्या. काका-काकूंचे घर त्यांपैकी एक. ज्यांची घरे गेली त्यांना आपापल्या जळक्या जागेवर अशी गाडी उभी करून तात्पुरते राहायला शहराने परवानगी दिली होती. काकूंनी विम्याच्या पैशांतून एक जुनी, चोवीस फुटी गाडी घेतली आणि दोघे त्यात राहू लागले. कपडे, भांडी, लग्नाचे अल्बम, सगळे जळून गेले होते.

२०१८ हे त्यांच्या लग्नाचे पन्नासावे वर्ष. १९६८ मध्ये लग्न झाल्यावर ते दोघे एका जुन्या मोटारीतून उत्तरेला रेडवूडच्या जंगलात गेले होते. काकूंनी ठरवले की सुवर्णमहोत्सवाला हॉल नको, केक नको. घर चाकांवर आहेच, ते घेऊन त्याच वाटेने पुन्हा जायचे. द्राक्षांच्या मळ्यांतून निघायचे आणि १०१ क्रमांकाच्या महामार्गाने वर वर सरकत त्या झाडांपाशी पोहोचायचे. दहा दिवस.

एका सकाळी मिस्सेनंतर मुलगी ऑफिसात आली. "फादर, माझ्या आईला जरा समजवा," ती म्हणाली. तिचे मुद्दे सरळ होते. ही गाडी बदाबदा पेट्रोल पिते. विम्याचे पैसे घर बांधायला हवेत, आणि उद्या बाबांना संस्थेत ठेवायची वेळ आली तर त्यासाठी हवेत. (अमेरिकेत वृद्धांसाठी मेडिकेअर ही सरकारी योजना आहे, पण स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला वर्षानुवर्षे सांभाळण्याचा खर्च ती उचलत नाही.) शिवाय धोका. आईने आयुष्यात कधी एवढी मोठी गाडी चालवलेली नाही, रस्ता वळणांचा, आणि बाबा रात्री उठून कोठेही चालू लागतात. मग थोडे थांबून ती म्हणाली, "आणि हे सगळे कोणासाठी, फादर? परत आल्यावर आठवड्याभरात त्यांना काहीच आठवणार नाही. आपण कोठे गेलो होतो हेसुद्धा नाही."

ती स्वार्थी मुलगी नव्हती, हे मी मुद्दाम सांगतो. आठवड्यातून तीन संध्याकाळी ती बापाला आंघोळ घालायला येत असे. मला तिचे म्हणणे पटले, विशेषतः शेवटचे. मी काकूंकडे गेलो आणि जे आपण फादर लोक नेहमी म्हणतो तेच म्हणालो, "घाई कशाला? थोडे थांबून पाहा."

काकूंनी विचारले, "कशासाठी थांबू, फादर? तो बरा होईल म्हणून?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. पुढच्या रविवारी शेवटची मिस्सा झाल्यावर चर्चच्या रिकाम्या पार्किंगमध्ये काकू ती गाडी मागे घ्यायला शिकत होत्या, आणि आपल्या एस.टी.चा कंडक्टर उभा राहतो तसा मी पाठीमागे उभा राहून हातवारे करत होतो, "येऊ द्या, येऊ द्या!" काका पुढच्या सीटवर टोपी घालून बसले होते. त्यांना वाटत होते आम्ही निघालोच आहोत.

प्रवासाचे पहिले पाच दिवस त्यांनी मला बरोबर घेतले. सोमवार ते शुक्रवार मला मोकळे होते, आणि काकूंना रात्री हाताशी कोणी असले तर हवे होते. मुलीचीही तीच अट होती.

आम्ही प्रथम सोनोमा गावात गेलो. तेथे सान फ्रान्सिस्को सोलानो नावाचे जुने मिशन आहे. स्पॅनिश फ्रान्सिस्कन फादरांनी कॅलिफोर्नियात जी २१ मिशने उभारली त्यांतले हे अगदी उत्तरेकडचे आणि शेवटचे, १८२३ सालचे. मिस्सेसाठी द्राक्षारस हवा म्हणून त्यांनी वेली लावल्या. आज जगभरातून लोक जे मळे पाहायला येतात त्यांची सुरुवात अशी वेदीपाशी झाली. हे ऐकून आपल्याला बरे वाटते. पण मिशनच्या कडेला एक दगडी भिंत आहे, तिच्यावर त्या मिशनमध्ये काम करताना मरण पावलेल्या आठशेहून अधिक आदिवासींची नावे कोरली आहेत. नावे सगळी स्पॅनिश, स्नानसंस्काराच्या वेळी दिलेली. आईबापांनी ठेवलेली नावे त्या भिंतीवर नाहीत. काकांना वाचता येत होते. ते प्रत्येक नावावर बोट ठेवून मोठ्याने वाचू लागले. काकूंनी घाई केली नाही, म्हणून मीही केली नाही. चर्चच्या इतिहासातली ही बाजू ऐकताना पोटात कालवते, पण ती टाळून पुढे जाऊ नये. ज्यांचे खरे नाव आज कोणाच्याही ध्यानात नाही, त्यांचे हसणे-रडणे फुकट गेले का? तेव्हा मला हा प्रश्न एवढ्या स्पष्टपणे सुचला नव्हता. आज सुचतो.

मग ड्राय क्रीकच्या खोऱ्यातले मळे. तेथे झिनफँडेल जातीच्या जुन्या वेली पाहिल्या. आपल्या नाशिकसारखा मांडव नाही. वेल एकटीच उभी, बुटकी, हात वर केलेल्या म्हाताऱ्यासारखी. काही वेली शंभरी ओलांडलेल्या आहेत. १९२० ते १९३३ या काळात अमेरिकेत दारूबंदी होती. तेव्हा पुष्कळ वाईनऱ्या बुडाल्या. काही टिकल्या त्या मिस्सेच्या द्राक्षारसावर, कारण त्याला कायद्यात सूट होती, आणि काही मळे टिकले कारण घरी थोडी वाईन करणाऱ्यांना द्राक्षे विकता येत होती. चव पाहायच्या खोलीत काउंटरवरचा मुलगा साल, जमीन, लाकूड असे काय काय सांगत होता. डॉक्टरांनी काकांना एखाददुसरा घोट चालेल असे सांगितले होते. त्यांनी ग्लास फिरवला, नाकाशी धरला आणि म्हणाले, "लाकूड जास्त झालंय." मुलगा हसला आणि म्हणाला की आमचे मालकही हेच म्हणतात. दहा मिनिटांनी पार्किंगमध्ये काकांनी विचारले, "आज आपण वाईन प्यायलो का?"

लेगेट या गावी एक रेडवूड आहे, शँडेलिअर ट्री नावाचे. १९३० च्या दशकात त्याच्या बुंध्यात मोटार जाईल एवढे भोक पाडले, आणि तेव्हापासून पैसे भरून लोक झाडातून गाडी नेतात. १९६८ मध्ये काकाही तेथून गाडी घेऊन गेले होते आणि बाहेर येऊन काकूंनी फोटो काढला होता. तो फोटो वणव्यात गेला. भोक जेमतेम सहा फूट रुंद, त्यामुळे आमची गाडी काही त्यातून जाईना. आम्ही तिघे चालत गेलो. काकूंनी विचारले, "आठवतं का?" काकांनी झाडाला हात लावला आणि म्हणाले, "बिचाऱ्याला कोणी कापलं?" मला तेथे उभे राहून वाटले, एवढे उंच झाड समोर असताना माणसाला नुसते पाहून समाधान का होत नाही? त्यातून गाडी न्यावीशी का वाटते? पण फोटो मीसुद्धा काढला, तेव्हा फार बोलण्यात अर्थ नाही.

त्यापुढे हंबोल्ट परगण्यात अॅव्हेन्यू ऑफ द जायंट्स हा सुमारे ५० किलोमीटरचा जुना रस्ता लागतो. १९१७ साली तिघे जण ही झाडे पाहायला आले होते. रस्ता करण्यासाठी आणि लाकडासाठी होणारी तोड पाहून त्यांनी पुढच्याच वर्षी, १९१८ मध्ये, सेव्ह द रेडवूड्स लीग ही संस्था काढली. तिने एकेक तुकडा विकत घेऊन वाचवला म्हणून हा रस्ता आज सावलीत आहे. मुळात सुमारे २० लाख एकर असलेल्या या जुन्या जंगलापैकी आज पाच टक्क्यांच्या आसपासच उरले आहे. झाडांविषयी काय सांगू! सर्वांत उंच झाडे शंभर मीटरच्या वर जातात. म्हणजे आपल्या चर्चच्या मनोऱ्यावर मनोरे ठेवत जा, आणि मग मोजा. काही झाडे दोन हजार वर्षांची, प्रभू येशू गालीलात चालत होता तेव्हा ती रोपे होती. साल फूटभर जाड, म्हणून लहानसहान वणवे ती सोसतात. उन्हाळ्यात तिकडे पाऊस नसतो, तेव्हा समुद्रावरून येणाऱ्या धुक्यातून ती पाणी घेतात. मुळे मात्र खोल नसतात. दहा-बारा फुटांपलीकडे क्वचितच जातात. ती आडवी पसरतात आणि शेजारच्या झाडाच्या मुळांत गुंततात. तोडलेल्या खोडाच्या भोवती नवी झाडे वर्तुळात उगवतात, मधली आई गेलेली असते आणि मुले तिच्याभोवती उभी असतात.

फाउंडर्स ग्रोव्हमध्ये डायरव्हिल जायंट नावाचे झाड आडवे पडले आहे. ते सुमारे ३६० फूट उंच होते, मार्च १९९१ मध्ये कोसळले. त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आम्ही चाललो. काका प्रत्येक दोन-तीन मिनिटांनी थांबायचे, मान वर करायचे आणि म्हणायचे, "अरे देवा, केवढं हे झाड!" तोच शब्द, तोच सूर, तेच आश्चर्य. पहिल्या तासात मलाही गंमत वाटली. तिसऱ्या तासाला, खरे सांगतो, मला पायांत गोळे आले होते आणि सगळी झाडे सारखी दिसू लागली होती. काकांसाठी मात्र प्रत्येक झाड पहिलेच होते.

येथे काव्य करायचा मोह होतो. तो आवरतो, कारण त्याच संध्याकाळी काकांनी काकूंना ओळखले नाही. "तू कोण? माझी बायको कुठे आहे?" असे ते ओरडत होते आणि शेजारच्या तंबूंतले लोक पाहत होते. काकू शांतपणे म्हणाल्या, "येईल ती. तोवर मी बसते." पहाटे तीनला दाराला बांधलेली छोटी घंटा वाजली. मी माळ्यावरून खाली उतरेपर्यंत ते बाहेर पडले होते. अनवाणी. मिट्ट काळोख, टॉर्चच्या उजेडात नुसते बुंधे. पंधरा-वीस मिनिटे आम्ही दोघे त्यांना शोधत होतो. ती मिनिटे मी विसरलेलो नाही. ते पलीकडच्या एका लाकडी बाकावर बसलेले सापडले, थंडीने कुडकुडत. म्हणजे मुलीची भीती खोटी नव्हती. त्या रात्री काही विपरीत घडले असते, तर हा लेख मी लिहिला नसता आणि माझ्या मनाने मला माफ केले नसते. कोणाच्याही घरी स्मृतिभ्रंशाचा माणूस असेल तर त्याला घेऊन लांब जाच, असे मी सांगत नाही. पैसा आणि धोका, हे दोन्ही मुद्दे प्रत्येक घराने आपापल्या तराजूत तोलावेत.

मला आक्षेप आहे तो तिसऱ्या मुद्द्याला. "त्यांना आठवणारच नाही."

गेल्या पहिल्या शुक्रवारी मी कम्युनियन घेऊन आपल्याच एका घरी गेलो होतो. आजी ओट्यावर बसल्या होत्या. घरातली मंडळी वेलांकणीला जाऊन आली होती. आजींना शेजारी ठेवले होते. न्यायला त्रास झाला असता, तो मुद्दा मला मान्य. पण मला सांगण्यात आले ते वेगळेच, "फादर, तिला काय, नेलं काय आणि न नेलं काय! घरी आल्यावर विचारलं तर म्हणेल, मी कधी गेले?" दुसऱ्या एका घरी मुलाने सांगितले की तो आता आईला भेटायला बहिणीकडे जात नाही, कारण "मी उठून गेलो की पाच मिनिटांत ती विसरते."

हे वाक्य फार समंजस वाटते. मलाही सांता रोसात तसेच वाटले होते. पण ते जरा उलटे करून पाहा. समजा, त्या आजींना कोणी एक थोबाडीत मारली. पाच मिनिटांनी त्या विसरल्या. गालावर वळ नाही, डोळ्यांत पाणी नाही, तक्रार नाही. मग आपण म्हणू का, की जाऊ द्या, तिला कुठे आठवते आहे? कोणी म्हणणार नाही. आपले रक्त खवळेल. म्हणजे दुःख विसरले गेले तरी ते घडले होते, आणि ज्याने दिले त्याच्या खाती ते राहते, हे आपल्याला पक्के ठाऊक आहे. तर मग सुखाच्या बाबतीतच हिशेब का बदलतो? नातवाने हात धरून पाच मिनिटे गप्पा मारल्या आणि आजी हसल्या. ते हसणेही घडले होते. नंतर ती विसरली म्हणून ते न घडलेले होत नाही.

लहान मुलांचेही तसेच. आपण बाळाचा पहिला वाढदिवस करतो, त्याला खांद्यावर घेऊन जत्रेला नेतो, समुद्राच्या पाण्यात त्याचे पाय बुडवतो आणि ते खिदळले की आपणही खिदळतो. स्नानसंस्काराच्या दिवशी तर सगळी आळी जेवते. त्या बाळाला यातले काय आठवणार आहे? काहीच नाही. तरी आजवर एकाही बापाने मला म्हटले नाही की फादर, दहा वर्षे थांबू या, आत्ता केले तर लक्षात राहणार नाही. बाळासाठी जो हिशेब आपण लावत नाही तो म्हाताऱ्यांसाठी लावतो. याचे कारण बाळाकडून आपल्याला पुढे काही अपेक्षा असते आणि म्हाताऱ्याकडून नसते, असे मला वाटते. हे कटू आहे, पण माझ्यापुरते तरी ते खरे होते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना जॉन लॉक हा इंग्लिश तत्त्वज्ञ आम्हांला होता. कालचा मी आणि आजचा मी एकच, हे कशावरून? आजचा मी कालचे आपले म्हणून आठवतो त्यावरून, असे साधारण त्याचे म्हणणे. परीक्षेत मी ते छान लिहिले होते. काकांपुढे बसलो तेव्हा ते मला पुरेना. आठवण हीच माणूस असेल, तर पिंपे धुणारा तो माणूस केव्हाच गेला होता आणि काकू एका परक्याला आंघोळ घालत होत्या. काकूंना तसे वाटत नव्हते. त्या लॉक शिकल्या नव्हत्या, हे त्यांचे नशीब.

संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मनिवेदनाच्या दहाव्या भागात स्मरणशक्तीवर पानेच्या पाने लिहिली आहेत. तिला ते एखाद्या विशाल महालासारखी मानतात. त्यांच्यासारख्या बुद्धिमंतालाही विस्मरणापाशी येऊन अडखळायला होते. पण मला या प्रवासात आठवत होते ते त्यांचे दुसरे एक उदाहरण, 'दे दोक्त्रिना क्रिस्तियाना' या ग्रंथातले. ते म्हणतात, काही गोष्टी वापरायच्या असतात आणि काही भोगायच्या, म्हणजे त्यांच्यातच आनंद मानायचा असतो. घरी परतायला निघालेल्या प्रवाशाने गाडी वापरावी. गाडीच्या डुलण्यात आणि वाटेवरच्या देखाव्यातच तो रमला, तर घर राहूनच जाईल. मोठा सुंदर दाखला आहे, आणि खराही. पण ज्यांचे घर जळून गेले आहे आणि गाडी हेच ज्यांचे घर आहे, त्यांना तो कसा लावायचा, याचा मी १०१ महामार्गावर बराच वेळ विचार करत बसलो होतो.

मला उमगले ते असे. आपण धडधाकट माणसेच वाट वापरतो. कोठे गेलो ते सांगण्यासाठी वापरतो, फोटोसाठी वापरतो, म्हातारपणी आठवायला शिदोरी म्हणून वापरतो. त्याच उत्तर भागात, रेडवूड नॅशनल पार्कमध्ये, हायपेरियन नावाचे झाड आहे. २००६ मध्ये ते सापडले. सुमारे ११५ मीटर, ज्ञात झाडांत जगात सर्वांत उंच. त्याची जागा गुप्त ठेवली होती, तरी लोक शोधून काढून जाऊ लागले. तेथवर वाट नाही. बुंध्याशी उगवलेले नेचे पायाखाली गेले, माती दबली, कचरा झाला. शेवटी २०२२ मध्ये पार्कने तो भाग बंद केला. जो जाईल त्याला पाच हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. तेथे गेलेली माणसे वाईट नव्हती. त्यांना 'मी गेलो होतो' एवढे म्हणता यायला हवे होते. काकांना ते कधीच म्हणता येणार नव्हते. प्रवासातून काही मिळवून घरी नेण्याची सोयच त्यांच्याकडे उरली नव्हती. म्हणून की काय, झाडापुढे ते उभे राहिले की नुसते उभे राहत. वापर संपला होता, भोगणे तेवढे शिल्लक होते. ऑगस्टीन यांना हे कितपत पटले असते, मला ठाऊक नाही. तेही एकदा अशा माणसाबरोबर फिरले असते तर बरे झाले असते.

आणि काकूंचे काय? सेवा करणाऱ्याला आपण नेहमी शाबासकी देतो आणि विसरतो. काकूंना ते दहा दिवस आठवणार होते, दोघांच्या वाट्याचे ओझे त्या एकट्या उचलणार होत्या. मी त्यांना विचारले की हे तुम्ही त्याच्यासाठी केले की स्वतःसाठी. त्या म्हणाल्या, "पन्नास वर्षं झाली, फादर. आता ते वेगळं काढता येत नाही."

गुरुवारी आम्ही युरेकाला पोहोचलो. शुक्रवारी मी बसने परतलो. माझ्या जागी पुढचे पाच दिवस त्यांच्याबरोबर मुलगी गेली. कामावरून रजा काढून ती आली होती, आईवर रागावूनच. परत आल्यावर ती माझ्याशी त्याविषयी फार बोलली नाही. खर्च अंदाजापेक्षा जास्त झाला, एवढे सांगितले. तिचे मत बदलले असे मी म्हणणार नाही. आईने तिला विचारून करायला हवे होते, हे तिचे म्हणणे शेवटपर्यंत कायम होते, आणि ते मला रास्तच वाटते.

मी भारतात परतलो आणि डिसेंबरात नाताळच्या शुभेच्छा द्यायला फोन केला. काकूंनी सांगितले, काकांना प्रवासातले काहीही आठवत नाही. झाडे नाहीत, मळे नाहीत, फादर नाहीत. "पण रोज सकाळी उठला की टोपी घालतो, गाडीच्या पुढच्या सीटवर जाऊन बसतो आणि विचारतो, निघायचं ना?"

हे ऐकून मला आधी फार आनंद झाला. वाटले, पाहा, काहीतरी उरले! मुलीला हे सांगायला हवे. मग लक्षात आले की मी पुन्हा तोच हिशेब मांडतो आहे. काहीतरी उरले म्हणून प्रवास सार्थकी लागला, असे म्हणायचे, तर ज्या आजींजवळ काहीच उरत नाही त्यांचे काय? टोपीची गोष्ट मी पुरावा म्हणून वापरणार नाही. कदाचित ती आठवण असेल, कदाचित नुसती सवय. मी काकूंना विचारले, तो असे म्हणाला की तुम्ही काय करता?

"काय करणार? इंजिन चालू करते. कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत जातो, पाव घेतो आणि परत येतो."